खिळा

अंथरुणाला खिळला, म्हणतो आपण.
खिळा नेमका कुठं ठोकलाय
हे कुणी विचारत नाही.

जुबैल. रात्रपाळी. खिडकीबाहेर रिफायनरीची मशाल,
त्यामुळं चौदा नंबरच्या खाटेवर
पुरता अंधार कधी होत नाही.
पोशट्टी, जिल्हा जगतियाल, वय एकेचाळीस.
परांचीवरून पडला,
कंबरेखालच्या स्वतःशी त्याचं बोलणं तुटलं.
दर दोन तासांनी आम्ही त्याला वळवतो :
डावी कूस, पाठ, उजवी कूस.
काळ कूस बदलतो म्हणे, आपला आपण.
याला दोघी लागतात, मी आणि मारिसेल.

पुस्तकात लिहिलंय, बोटानं दाबा,
लाली जाते का पाहा.
पुस्तकातली कातडी गोरी होती.
पोशट्टीची, दोनदा भाजलेल्या मडक्याची.
तिच्यावर लाली उगवत नाही,
एकदम जखमच उगवते, हाडापर्यंत.
मी पाहिली आहे, दुसऱ्या एकाची, मूठ जाईल एवढी.
वासाबद्दल लिहीत नाही.

यंदा कॅमेरा आला, चाकाच्या गाडीवर.
सुई नाही, स्पर्शही नाही.
दिवे एकामागून एक : हिरवा, मग लाल,
मग एक असा, जो लागलाय हे
फक्त आतल्या पंख्याच्या आवाजावरून कळतं.
तो कातडीखाली उतरतो, आणि परत येऊन सांगतो
रक्त कुठं चाललंय, कुठं थबकलंय,
कुठं ओल धरू लागलीय.

मंगळवारी, पहाटे पावणेतीनला,
माकडहाडाच्या जरा डावीकडं
पडद्यावर निळा डाग. कवडीएवढा.
मी टॉर्च मारला. कातडीवर काही नाही.
चष्मा पुसून पुन्हा मारला.
हाच तो. आतून ठोकत आणलेला.
"काय दिसलं?" पोशट्टीनं त्याच्या साइटवरच्या हिंदीत विचारलं.
"अजून काही नाही."
त्यातला 'अजून' त्यानं बरोबर उचलला
आणि डोळे छताकडं नेले.

मिरजेत आमच्या माळ्यावर भीमेकाठचे भोपळे टांगलेले,
कुणी सतार होणार, कुणी तंबोरा.
अब्बा एकेकाला बोटाच्या पेरानं टक् करायचे, कान लावून.
वरून सगळे सारखेच, पिवळे, तुकतुकीत.
एखाद्यापाशी थांबायचे : "हा बसणार आतून."
आम्हाला ऐकू यायचं ते फक्त टक्.
महिन्याभरात तो तिथंच, टांगल्या जागी, खचायचा.

डॉक्टर वाएल म्हणाले, इथं तर काहीच नाही.
हवेच्या गादीच्या अर्जावर जखमेचा दर्जा लिहावा लागतो
आणि न झालेल्या जखमेला दर्जा नसतो.
मी चित्र छापून पुढं ठेवलं. सही झाली नाही.
मग दोन तासांचा आम्हीच एक तास केला.
मारिसेलनं कंबर धरली. स्वतःची.
गुरुवारी गादी आली, वरच्या मजल्यावरून,
कुणाची तरी रिकामी झालेली. विचारलं नाही.

नवव्या रात्री डाग फिका.
अकराव्या रात्री शोधावा लागला, आणि सापडला नाही.
अहवालात काय लिहू?
काहीच झालं नाही, हे घडलं.
त्याला रकाना नाही.

एप्रिलमध्ये तो स्ट्रेचरवरून विमानात गेला.
तिकडं कॅमेरा कुठला.
वॉर्डबॉय सायलूकडून तेलुगूत लिहून घेतलं, लच्चव्वासाठी :
हाताची पाठ लावून बघत जा.
तळवा नको, विड्या वळून तळवा बहिरा होतो.
ऊन लागतं का? भिजवल्या पिठासारखं लागतं का?
लागलं, तर त्या अंगावर निजवू नको.
ती म्हणेल वेळ कुठाय. तेही मला माहीत आहे.

काल तिचा आवाजी निरोप आला. सव्वा मिनिटाचा.
तेलुगू मला येत नाही, सायलूची पाळी सकाळी.
औषधाच्या खोलीत उभी राहून ऐकला तरी,
फोन कानाशी घट्ट धरून.
बोलता बोलता ती थांबली.
बांगड्या. दम लागल्यासारखा श्वास.
मग खाट करकरली, लांब,
आणि कुणीतरी दुसऱ्या कुशीवरून
पुढचं बोलू लागलं.